गाडीची ‘कॅन लाइन’ म्हणजे काय, आणि ती बिघडल्यास मॉड्यूल बदलावेच लागते का?

आपण लिहिले आहे की दोन दिवस पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या मीटरवर एबीएस, स्टिअरिंग आणि एअरबॅग असे तिन्ही दिवे एकदम लागले, आणि ‘कॅन लाइन गेली’ असे सांगून मेकॅनिकने एबीएसचे मॉड्यूल बदलायला सुचवले. मी वाहनांच्या इलेक्ट्रिकल दुरुस्तीचे काम करतो आणि माझा सल्ला असा की, खाली सांगितलेले एक मोजमाप होईपर्यंत मॉड्यूल बदलू देऊ नका.

इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, मीटर यांपैकी प्रत्येकाला स्वतःचा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू असतो. मेकॅनिक ज्याला मॉड्यूल म्हणतो, ते हेच. चाकांचा वेग एबीएस मोजते, परंतु तोच वेग मीटरला आणि स्टिअरिंगलाही लागतो. प्रत्येकाकडे वेगळी तार ओढायची तर वायरिंगचा भाराच झाला असता. बॉश कंपनीने 1986 मध्ये मांडलेल्या कॅन पद्धतीत एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच तारांवर हे सारे ईसीयू जोडलेले असतात. संदेश ‘शून्य’ आणि ‘एक’ अशा बिटांचा असतो. लाइन शांत असताना किंवा ‘एक’ पाठवताना दोन्ही तारांवर सुमारे 2.5 व्होल्ट असतात. ‘शून्य’ पाठवताना एक तार 3.5 पर्यंत चढते, दुसरी 1.5 पर्यंत उतरते, आणि ईसीयू केवळ त्यांतील फरक वाचतो. इग्निशनचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडत असल्यामुळे या फरकात तो उरत नाही.

दोन ईसीयू एकाच क्षणी बोलू लागले तर काय होते, हा भाग मला आजही विलक्षण वाटतो. प्रत्येक संदेशाच्या आरंभी त्याचा क्रमांक असतो, बहुधा 11 बिटांचा. एखाद्या ईसीयूने स्वतः ‘एक’ पाठवला असताना लाइनवर ‘शून्य’ दिसला, की तो ईसीयू मुकाट्याने थांबतो आणि लहान क्रमांकाचा संदेश एकही बिट न गमावता पुढे जातो. तातडीच्या संदेशांना म्हणूनच लहान क्रमांक दिलेले असतात.

आता आपले तीन दिवे. वेगाचा संदेश आला नाही की स्टिअरिंग स्वतः धडधाकट असूनही आपला दिवा लावते. दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर ‘यू’ अक्षराने सुरू होणारे कोड दिसले, तर त्यांचा अर्थ बहुतेक वेळा ‘अमक्याशी संपर्क तुटला’ एवढाच असतो. अमका जळला, असा नव्हे.

मोजमाप असे: बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून काही मिनिटे थांबावे आणि स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये (जिथे स्कॅनर जोडतात) 6 व 14 या पिनांमधील रोध मल्टिमीटरने पाहावा. लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोधक असल्यामुळे 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर एका टोकाशी संपर्क तुटला आहे. शून्याच्या जवळ आले तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत. 60 आले, तर मॉड्यूलचा सप्लाय आणि अर्थिंग तपासावे. काही गाड्यांत मध्ये गेटवे, म्हणजे वेगवेगळ्या लाइनींना जोडणारा ईसीयू असतो. तिथे या सॉकेटवरून पलीकडच्या लाइनची स्थिती कळत नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र मल्टिमीटर लावू नये.

माझ्याकडे अशी एक गाडी नवे एबीएस मॉड्यूल बसवूनही तेच दिवे घेऊन आली होती. मल्टिमीटरवर 120 आले. चालकाच्या पायाखालचे कार्पेट उचलले तर खालचा फोम ओला होता, आणि तिथल्या कनेक्टरची एक पिन हिरवी पडून जवळजवळ तुटली होती. पिन बदलल्यावर 60 आले, आणि जुने मॉड्यूल पुन्हा बसवून पाहिले तेव्हा तेही ठणठणीत निघाले.