पुणे ते कन्याकुमारी, दोन मुलं आणि कुत्री: रोज तीनशेच किलोमीटर

तुमचा बेत मला असा समजला: मे महिन्याच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीनं पुण्याहून कन्याकुमारी, नऊ दिवसांत जाऊन-येऊन. बरोबर आठ आणि चार वर्षांची मुलं आणि दोन वर्षांची लॅब्रेडोर. रोज साडेपाचशे-सहाशे किलोमीटर कापायचे. सासूबाई म्हणतायत, कुत्रीला बोर्डिंगला ठेवा. आणि तुम्ही विचारताय, जमेल का?

जमेल. आम्ही हाच प्रवास केलाय. तेव्हा लेक दहा वर्षांची, धाकटा पाचाचा आणि भुरी, आमची गावठी कुत्री, तीन वर्षांची होती. पण तुमच्या बेतातला महिना आणि रोजचे किलोमीटर, हे दोन्ही बदला. तेवढं शक्य नसेल तर यावेळी सासूबाईंचं ऐका.

आधी महिना. मे महिन्यात बेळगावपर्यंत कसंबसं निभेल, पण पुढे सेलम, त्रिची, मदुराई या पट्ट्यात पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर काढतं. गाडीत एसी आहे म्हणाल, पण दर दोन तासांनी तिला खाली उतरवावंच लागतं आणि तिथे तापलेलं डांबर असतं. आपला तळहात उलटा करून रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही. दिवाळीची सुट्टी आपल्याला कोरडी वाटते, पण तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, त्यामुळे तीही नको. डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारी हा काळ सगळ्यात बरा. फक्त त्याच दिवसांत शबरीमलाचे भाविक मोठ्या संख्येनं कन्याकुमारीला येतात आणि जानेवारीच्या मध्यावर पोंगल असतो, तेव्हा खोल्या खूप आधी ठरवा.

आता किलोमीटर. दोघं मोठे आलटून पालटून चालवत असतील तर सहाशे किलोमीटर काहीच नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मागच्या सीटवरच्या तिघांना तो दिवस बारा तासांचा होतो. दुपारी तीननंतर मुलं भांडायला लागतात, कुत्री उठबस करते, चालवणाऱ्याचं लक्ष आरशात जातं. आमचा नियम सोपा होता: पहाटे पाचला निघायचं, बारा-साडेबाराला गाडी बंद. त्यात तीनशे ते साडेतीनशे किलोमीटर आरामात होतात. दुपारी सगळे झोपतात, संध्याकाळी गावात फेरी. पहाटे कुत्र्याला उपाशीपोटी चढवायचं, कारण खाऊन लगेच निघालं की गाडी लागते. तिचं मुख्य जेवण संध्याकाळी, मुक्कामाला पोहोचून ती शांत झाल्यावर. पाणी मात्र प्रत्येक थांब्यावर थोडं थोडं.

आमचे टप्पे असे पडले. पहिला दिवस पुणे ते बेळगाव, साधारण ३४० किलोमीटर. साताऱ्याच्या पुढे कागलपर्यंत रस्तारुंदीकरणामुळे सतत वळवलेल्या रस्त्यांवरून जावं लागत होतं, म्हणून वेळ हातात ठेवा. खंबाटकीच्या वळणांवर धाकट्याला लागतंच, तेव्हा घाट संपेपर्यंत खाऊ बंद. दुसरा दिवस चित्रदुर्ग, तीनशे. वाटेत दावणगेरेला बेण्णे डोसा, म्हणजे लोण्याचा डोसा, खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका, मुलांनी तो आजही लक्षात ठेवलाय. तिसरा दिवस कृष्णगिरी. बेंगळुरू शहरात अजिबात शिरू नका, तुमकुरू रस्त्यावरून नाईस रोड धरा, तो थेट होसूर रस्त्याला लागतो. टोल वेगळा आहे, पण दोन-तीन तासांची कोंडी चुकते. चौथा दिवस सेलम, नामक्कल, त्रिचीवरून तंजावर. धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूर घाट आहे. उतार लांब आहे आणि ब्रेक तापलेले ट्रक मागून येतात. तिथे खालच्या गिअरमध्ये, ट्रकपासून अंतर ठेवून उतरा, आणि त्या वेळेला मागे कोणी पट्टा सोडलेला नसावा. पाचवा मदुराई आणि सहावा कन्याकुमारी, हे दोन्ही छोटे दिवस आहेत.

म्हणजे जायलाच सहा दिवस. थेट परतायलाही पाच लागतात. पंधरा दिवसांची रजा मिळत असेल तर हे करा. नऊच दिवस असतील तर म्हैसूरपर्यंत जा, तिथे तीन दिवस राहा आणि परत या. पुढे उटीचा मोह झालाच तर लक्षात ठेवा, बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, आणि तिथे कुत्र्याला खाली उतरवायचं नाही. आपल्या कुत्र्यांचे रोग जंगली प्राण्यांना लागतात, डिस्टेंपर त्यातलाच.

पट्ट्यावरून एक प्रसंग सांगते. चित्रदुर्गच्या अलीकडे एका पंपावर थांबलो होतो. मी पर्समध्ये कार्ड शोधत होते, नवरा हवा तपासत होता. धाकट्यानं शू लागली म्हणून स्वतःच दार उघडलं आणि भुरी त्याच्या अंगावरून बाहेर. समोर महामार्ग. लेक तिच्या नावानं ओरडत धावली, आणि कुत्र्याच्या मागे धावलं की ते आणखी पळतं, तसंच झालं. डिझेल भरायला उभ्या असलेल्या ट्रकचा क्लीनर, वीस-बावीस वर्षांचा मुलगा, काहीही न बोलता तिच्या वाटेत चक्क खाली बसला. हात पुढे केला, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भुरी थबकली, वास घ्यायला वळली आणि त्यानं लोंबणाऱ्या पट्ट्यावर पाय ठेवला. रस्ता तिथून दहा पावलांवर होता. लेक रात्री जेवली नाही. मी त्या मुलाचं नावही विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून आमच्याकडे ‘आधी पट्टा, मग दार’ हे वाक्य गाडी थांबताना मोठ्यानं म्हणायचं काम धाकट्याचं आहे. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक कायम लावलेलं. भुरीला छातीचा हार्नेस आणि तो सीटबेल्टच्या खाचेत अडकवायचा छोटा पट्टा, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही, ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो. गळ्यातल्या बिल्ल्यावर चालू फोन नंबर हवा. मुलांचंही तेच. चौदा वर्षांखालच्या मुलांना बेल्ट किंवा त्यांची सीट कायद्यानंच लागते, आणि तुमच्या चार वर्षांच्याला नुसता मोठ्यांचा बेल्ट मानेवर येईल, त्याची सीट न्या. लॅब्रेडोर मधे बसवू नका, एका बाजूला बसवा. मधे असली की दोन्ही मुलांना तिची शेपटी तोंडावर लागते आणि भांडणाला निमित्त मिळतं. खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका, कितीही गोड दिसलं तरी. वाळूचा एक कण डोळ्यात जायला वेळ लागत नाही.

खाऊचा डबा हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याबद्दल कोणी सांगत नाही. प्रवासाला आपण मुलांना सुका मेवा देतो. त्यातले मनुके आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत, द्राक्षंही. चॉकलेट आणि कांदा विषारी. बिनसाखरेच्या च्युइंगममधला झायलिटॉल तर फार वाईट. मुलं प्रेमानं देतात आणि सांडतातही. आम्ही मनुके-चॉकलेट डब्यातूनच काढून टाकले. खारे शेंगदाणेही नको, चुरमुरे, राजगिऱ्याच्या वड्या, केळी ठेवली. भुरीसाठी तिचं नेहमीचं कोरडं खाणं घरून, आणि कमी पडलं तर हॉटेलात साधा भात आणि दही वेगवेगळं मागायचं. तयार दहीभातात मोहरी-मिरचीची फोडणी असते. आणि माणसांची दुखण्या-तापाची गोळी तिला कधीही देऊ नका.

निघण्याच्या आठवडाभर आधी कुत्रीला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन या. रेबीजची लस चालू आहे ना, इतर लसींचा डोस झालाय ना, लसीचं मूळ कार्ड बरोबर घ्या, राहायच्या ठिकाणी मागतात. गोचिडाचं औषध आधीच द्या. ढाब्यांच्या मागच्या गवतात गोचीड फार, आणि गोचिडतापानं कुत्री आठवड्यात खंगतात. रोज मुक्कामाला पोहोचल्यावर कानांच्या आत, बोटांच्या मध्ये हात फिरवून बघायचं, हे काम आमच्या लेकीनं घेतलं होतं.

राहण्याबद्दल. एकदा एका हॉटेलानं फोनवर “कुत्रं चालेल” सांगितलं आणि रात्री आठला दारात म्हणाले, एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं, खाली पार्किंगमध्ये बांधा. आम्ही तिला तिथे ठेवलं नाही. रात्री दहापर्यंत खोली शोधली, मुलं उपाशी झोपली. आता मी आधी तिचा फोटो आणि वजन पाठवते आणि विचारते: खोलीत चालेल का, तळमजला मिळेल का, वेगळे पैसे किती. उत्तर मेसेजवर लिहून घेते. लहान होमस्टे या बाबतीत मोठ्या हॉटेलांपेक्षा पुष्कळ बरे.

आणि एका गोष्टीची मनाची तयारी करा. देवळं, पुरातत्त्व खात्याची स्मारकं, बोटी, कुठेही कुत्र्याला प्रवेश नाही. गाडीत बंद करून जायचं म्हणाल तर सावलीतसुद्धा नको, बंद गाडीत दहाच मिनिटांत तापमान दहा अंशांच्या आसपास चढतं. म्हणजे एक मोठा माणूस कायम बाहेर. आम्ही दोन तुकड्या केल्या. तंजावरला मी आणि लेक आधी आत गेलो. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळानं हजार वर्षांपूर्वी बांधलं, ते बघून झाल्यावर भिंतीवरचा, तंजावरच्या मराठा घराण्यातल्या सरफोजीराजांचा १८०३ सालचा लेख शोधला. एवढ्या लांब दक्षिणेत देवनागरीतला मराठी लेख! लेकीनं बोट फिरवत ‘राजे’ शब्द वाचला आणि मग ओळीओळीत तोच शोधत राहिली. बाहेर येऊन तिनं धाकट्याला जागा नीट समजावली, आणि मग तो आणि नवरा आत गेले. प्रत्येकाला दुसऱ्याला काहीतरी सांगायचं असायचं, त्यामुळे तुकड्या केल्याचं आम्हाला कधी जड गेलं नाही.

कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारकासाठी सकाळच्या पहिल्या बोटीची रांग धरा, उशीर झाला की तासन्‌तास जातात. मुलांना आधीच सांगा की १९७० साली उभं राहिलेलं हे स्मारक ज्यांनी धडपड करून पूर्ण केलं ते एकनाथ रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. किनाऱ्यावर कुत्रीला पट्ट्यातच ठेवा. जाळ्यांचे तुकडे, गळ आणि मेलेले मासे पडलेले असतात, आणि लॅब्रेडोर काहीही तोंडात घालते.

टोलच्या फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, महामार्गावर मदतीला १०३३ हा नंबर मुलांनाही पाठ करायला लावा. आणि निघण्याच्या महिनाभर आधी एक शनिवार-रविवार कोल्हापूरला जाऊन या, सगळे पाच जण, पहाटे पाचला निघून. कुत्रीला गाडी लागते का, कोण कुठे बसलं की शांतता राहते, हे त्या दोन दिवसांत कळेल. ती वाटभर लाळ गाळत, थरथरत बसली तर तिला घरीच ठेवा आणि आजीकडे सोपवा. तसं झालं तर इथे लिहा, घरी राहणाऱ्या कुत्र्याची पंधरा दिवसांची सोय कशी लावायची तेही सांगते.