जुन्या चौकटीत दाराचा नवा पल्ला स्वतः बसवता येतो का?

येतो. मी बसवलाय. कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अलीकडे आमचं घर आहे आणि महापूर ओसरल्यावर महिन्याभरातच बसवला होता. खरं तर मी उत्तर देणारच नव्हतो. पण जुनी चौकट, नवा फ्लश डोअर, लॉक कुठलं, सुतार दीड हजार मागतोय हे सगळं विचारून झाल्यावर शेवटी तुम्ही लिहिलंय, "पावसात घासायला लागलं तर रंधा मारून घेईन." ते वाचून राहवेना.

२०२१ च्या जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३. आमच्याकडे मांडीभर पाणी होतं. मधल्या खोलीचं दार खालून भिजलेल्या वहीसारखं फुगून उलगडलं. चौकट सागवानी, आजोबांच्या काळातली, ती काही हलली नव्हती. टिंबर मार्केटमधून नवा पल्ला आणला, लक्ष्मीपुरीतून चार इंची तीन बिजागऱ्या.

बसवायचं काम अवघड नाही. चौकटीचं माप वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी घ्या. जुन्या घरात तिन्ही वेगळी येतात. सगळ्यात लहान येईल त्यातून दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वजा करा, म्हणजे दोन्ही बाजूंना सूतभर फट राहते. खाली पाचर घालून पल्ला चौकटीत उभा करा आणि चौकटीतल्या जुन्या खाचांवरूनच पल्ल्यावर बिजागरीच्या खुणा घ्या. टेपनं मोजत बसलात की हमखास चुकता. खाच पटाशीनं बिजागरीच्या पत्र्याइतकीच खोल. जास्त खोल गेली तर दार बिजागरीच्या बाजूनं अडतं आणि पूर्ण मिटत नाही. स्क्रूला आधी बारीक ड्रिल मारा, साबण लावा. झालं.

मी एवढं सगळं केलं. पंधरा दिवस दार नीट चाललं, मग वर कडीच्या बाजूला घासायला लागलं. नेमके त्या रविवारी दाजी आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. साखर कारखान्यात फिटर होते, रिटायर झालेत. लोखंडातलं त्यांना कळतं, यात वाद नाही. पण लोखंडातलं कळतं म्हणून लाकडातलंही कळतं, असं त्यांचं ठाम मत. दार दोनदा उघडून मिटून बघितलं आणि म्हणाले, "फुगलंय. रंधा आण."

मी म्हटलं, "दाजी, फुगलेलं नाही, उतरलंय. वरच्या बिजागरीकडची फट बघा, बोट जातंय. समोर वर चिकटलंय आणि खाली मोकळंय." फुगलेलं दार कडेनं सगळीकडं सारखं घट्ट होतं. एका कोपऱ्यातच घासतंय म्हणजे पल्ला लोंबकळलाय. मूठ धरून वर उचलून बघा, पल्ला हलला की बिजागरीचा स्क्रू ढिला. आमची चौकट महिनाभर ओल धरून होती, त्या मऊ लाकडात स्क्रू धरणार कसा? भोकात बांबूच्या काड्या फेविकॉल लावून ठोकायच्या, रात्रभर वाळू द्यायचं आणि लांब स्क्रू मारायचा. हाताचं काम तासाभराचंच.

पण दाजींना कोण सांगणार? आई आतूनच म्हणाली, "अरे, ते सांगतात तर दे की रंधा." दिला. त्यांनी कडीच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत तीन सूत उतरवले. फरशीवर भुश्श्याचा ढीग, दार एकदम मोकळं. "बघ, कसं लोण्यासारखं चाललंय." चहा, पोहे, जेवण, सगळं त्या आनंदात झालं.

मार्चमध्ये हवा कोरडी झाली. पल्ला आक्रसला आणि चौकटीत अशी फट पडली की बोट आत जाईल. रात्री मधल्या खोलीत दिवा लावला की उजेडाची पट्टी बरोबर आईच्या तोंडावर. आईनं दारावर टॉवेल टाकायला सुरुवात केली, तो आजही आहे. शिवाय रंधा मारलेली कड कोरीच राहिली होती, पुढच्या पावसात तिच्या शेजारचा रंग सोलून निघाला. दाजी दसऱ्याला सोनं द्यायला येतात तेव्हा ते दार मुद्दाम ढकलून बघतात आणि माझ्याकडं बघतात. काय बोलणार?

तेव्हा रंधा घेऊ नका. निदान पावसाळ्यात नाही. खरंच फुगलं असेल तर दिवाळीपर्यंत थांबा, बऱ्याचदा आपोआप मोकळं होतं. आणि बसवायच्या आधी पल्ल्याच्या सहाही बाजूंना प्रायमर मारा, वरची आणि खालची कडही. दिसत नाही म्हणून सगळे सोडतात आणि ओल तिथूनच शिरते.

हो, एक राहिलं. हे सगळं चौकट ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, असेल तरच. दोऱ्याला नट बांधून बघा. चौकटच झुकलेली असेल तर दार आपलं आपण उघडतं किंवा मिटतं, आणि ते पल्ल्यावर कितीही काम केलंत तरी जात नाही. चौकट काढायची वेळ आली तर गवंडी बोलवा, उगाच भिंत फोडत बसू नका. बाथरूमच्या दाराला यातलं काहीच लागू नाही, तिथं पीव्हीसीचं लावा.

सुताराचे दीड हजार जास्त की कमी, ते तो काय काय करून देतो त्यावर. प्रायमर आणि लॉक धरून असेल तर द्या. एवढा जड पल्ला उचलायला तसाही दुसरा माणूस लागतोच.

लॉक कुठलं घ्यायचं ते मात्र मला विचारू नका. आमच्या दाराला अजून कडीच आहे. लॉक आणून बघितलं होतं, पण त्याची जीभ चौकटीपर्यंत पोचत नाही.