'लंका'वर की लंकेवर?

प्रश्न असा आहे : दुसऱ्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश खलाशाच्या नोंदीत '१९४२, एचएमएस लंका' असं आलंय. भाषांतरात 'लंका या जहाजावर होता' असं लिहावं का?

'जहाज' लिहू नका. 'एचएमएस' म्हणजे 'हिज मॅजेस्टीज शिप', ब्रिटिश राजाचं जहाज; पण एचएमएस लंका हा कोलंबोतला रॉयल नेव्हीचा, म्हणजे ब्रिटिश आरमाराचा तळ : कचेऱ्या, बराकी, कोठारं. ५ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी कोलंबो बंदरावर बाँब टाकले, तेव्हा 'टेनेडॉस' आणि 'हेक्टर' ही ब्रिटिश जहाजं बुडाली. 'लंका' कशी बुडणार? असे तळ आणखीही होते. मुंबईत 'ब्रॅगांझा', त्रिंकोमालीत 'हायफ्लायर', मोंबासाजवळ किलिंदिनीला 'टाना', अलेक्झांड्रियात 'नाइल'.

मग जहाजाची बिरुदं जमिनीला कशाला? कारण कागदोपत्री आहे. तेव्हा प्रत्येक नौसैनिकाचं नाव कुठल्या ना कुठल्या जहाजाच्या पटावर असावं लागे, तरच त्याला आरमारी शिस्तीचा कायदा लागू होई. म्हणून तळालाच जहाज ठरवत. खलाशी अशा तळाला थट्टेनं 'दगडी फ्रिगेट' (फ्रिगेट हा युद्धनौकेचा एक प्रकार) म्हणत. थट्टेला जुना आधारही आहे : १८०४ मध्ये कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाजवळचा डायमंड रॉक हा अख्खा खडक ब्रिटिशांनी युद्धनौका म्हणून नोंदवला होता. पुढच्या वर्षी तो फ्रेंचांच्या हाती गेला, तेव्हा 'जहाज' गमावल्याबद्दल त्याच्या कप्तानावर रीतसर लष्करी न्यायालयात खटला चालला. (सुटला बिचारा.) तळावरचे लोकही भाषा बोटीचीच बोलत. जमीन ती 'डेक', आणि फाटकातून बाहेर पडणं म्हणजे 'किनाऱ्यावर जाणं', पाय आधीच किनाऱ्यावर असले तरी.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. आयएनएस शिवाजी हा आपल्या नौदलाचा तळ घाट चढून लोणावळ्याला आहे, आणि तिथे बदली झालेला माणूस 'शिवाजीला पोस्टिंग आहे' असंच सांगतो.

खरी अडचण विभक्तीची. 'लंकेत होता' म्हटलं तर नुसता सिलोनमध्ये होता, एवढंच कळतं. 'लंकेवर होता' म्हटलं की डोळ्यांपुढे मारुती येतो. जहाजांच्या नावांचं सामान्यरूप टाळून 'लंका'वर असं अवतरणात लिहिता येईल, पण संदर्भ नसलेला वाचक पुन्हा बोटच समजेल. त्यापेक्षा 'कोलंबोतल्या लंका या आरमारी तळावर होता' असं लिहा. 'तळ' ला आपल्याकडे 'वर' च लागतो, त्यामुळे जहाजावर असल्याचा भास आपोआप टिकतो.