मोकळा दिवस प्रागमध्ये

प्रश्न : ताई, मी ड्रमर आहे. एका जर्मन बँडच्या आधी वाजवायला म्हणून आमचा बँड त्यांच्याच स्लीपर बसने युरोपात फिरणार आहे. व्हिएन्ना आणि बर्लिनच्या मध्ये प्रागला एक दिवस मोकळा आहे. मॅनेजर म्हणतो, गपचूप झोपा. आमच्या गिटारवाल्याने किल्ला, पूल, घड्याळ अशी भलीमोठी यादी केलीय. ऐकू कोणाचं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अकरा वाजेपर्यंत मॅनेजरचं, त्यानंतर माझं. गिटारवाल्याची यादी बॅगेतच राहू दे.

मुळात हा दिवस तुमच्यासाठी ठेवलाय, अशा भ्रमात राहू नका. तो बहुतेक बसच्या ड्रायव्हरचा असणार. युरोपीय संघाच्या नियमाने त्याला दिवसाला नऊच तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. साडेचार तासांनी पाऊण तास थांबायचं आणि आठवड्याची सलग सुट्टी घ्यायची, ती कमीत कमी 24 तासांची. बसमधलं टॅकोग्राफ नावाचं नोंदयंत्र सगळं टिपून ठेवतं, त्यामुळे ‘दादा, जरा ॲडजस्ट करा ना’ तिथे चालत नाही. मी लाइट्सचं काम करत बँडांबरोबर हिंडले, तेव्हा कुठलं शहर नीट बघायला मिळणार हे ड्रायव्हरच्या विश्रांतीवर ठरायचं.

बसमधलंही सांगून ठेवते. बंकमध्ये, म्हणजे बसमधल्या झोपायच्या कप्प्यात, पाय ड्रायव्हरच्या दिशेला करून झोपा, करकचून ब्रेक लागला तर डोकं वाचतं. आणि बसच्या संडासात फक्त एक नंबर. दोन नंबरला पेट्रोल पंप येईपर्यंत कळ काढायची. हे आधी कोणी सांगत नाही, नंतर मात्र सगळे ओरडतात.

प्रागला हॉटेलची खोली मिळाली की आधी मोजे धुऊन वाळत घाला. मग चार्ल्स पूल ओलांडून माला स्त्राना भागात लेननची भिंत बघा. बीटल्सवाला जॉन लेनन प्रागला कधी आला नाही, पण 1980 मध्ये त्याचा खून झाल्यावर पोरांनी या भिंतीवर लिहायला सुरुवात केली. तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीचे पोलीस पांढरा रंग फासायचे, पोरं पुन्हा लिहायची. तिथे उगाच सेल्फी काढत बसू नका, पोपडा उडालाय तिथे वाकून बघा. रंगावर रंगाचे थर दिसतात. याच देशात 1976 मध्ये ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या रॉक बँडशी संबंधित लोकांवर खटला भरला, काही जण तुरुंगात गेले आणि त्यातूनच पुढे ‘चार्टर 77’ ही मानवी हक्कांची चळवळ उभी राहिली. वाजवल्याबद्दल कैद! आपल्याकडे फार तर सोसायटीचे सेक्रेटरी येतात.

तिथून 22 नंबरची ट्राम पकडून वर किल्ल्यावर जा. कागदी तिकीट घेतलंत तर त्यावर यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड बसतो.

किल्ल्यावर मात्र माझ्या धंद्याची गोष्ट आहे, तेव्हा जरा ऐकून घ्या. 18 ऑगस्ट 1990 ला रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँड प्रागच्या स्ट्राहोव्ह स्टेडियमवर वाजवायला आला. लाखावर माणूस होता. सोव्हिएत फौजा अजून पुरत्या गेल्या नव्हत्या. आदल्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत तुरुंगात असलेले नाटककार वात्स्लाव्ह हावेल आता राष्ट्राध्यक्ष होते आणि स्टोन्सचे चाहतेही. 1995 मध्ये याच बँडने स्वतःच्या पैशाने किल्ल्यातल्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या अधिकृत वास्तूतल्या, चार भव्य दालनांची प्रकाशयोजना बदलून दिली. काम त्यांच्याच शोचे लाइट डिझायनर पॅट्रिक वुडरॉफ यांनी केलं, आणि दिवे चालवायचा रिमोट हावेलांच्या हातात दिला. बँड शहर बघायला येतो आणि जाताना राष्ट्राध्यक्षांच्या घरातले दिवे बदलून जातो! मला तर स्टोन्सच्या कुठल्याही गाण्यापेक्षा हे जास्त आवडतं. ती दालनं एरवी बंद असतात, पण बाहेरच्या चौकात उभं राहायला कोणी अडवत नाही.

अंगात त्राण असेल तर लेत्ना टेकडीवरचा मोठा मेट्रोनोमही (लय मोजायचं काटेवालं यंत्र) बघा. स्टालिनचा प्रचंड पुतळा 1962 मध्ये उडवून दिला, त्याच चौथऱ्यावर तो 1991 मध्ये बसवला. तुम्ही ड्रमर, तुम्हाला तरी आवडेल.

गिटारवाल्याला घड्याळ बघायचंच असेल तर एकट्याला पाठवा. तासाच्या ठोक्याला येशूचे बारा प्रेषित खिडकीतून डोकावतात, मिनिटभरात खेळ खलास, आणि त्या मिनिटभरात सगळ्यांच्या माना वर असतात. पाकीट पुढच्या खिशात ठेव म्हणावं. रस्त्यावर कोणी नोटा बदलून देतो म्हणालं तर सरळ पुढे निघायचं. तिथे युरो नाही, कोरुना चालतो.