पाटीवरचा लाल, पाकिटावरचा लाल

प्रश्न : आम्ही शिरपूर तालुक्यातल्या नऊ जणी मिळून काळा मसाला, मिरचीपूड आणि ज्वारीचे बिबडे (पापडासारखे) करतो. पुतण्याच्या मित्रानं लोगो करून दिला होता : लाल गोलात दोन मिरच्या आणि खाली आमचं नाव. आता तोच लाल पाकिटावर गुलाबी, टेम्पोवर केशरी आणि पाटीवर विटका दिसतो. दिवाळीच्या पत्रकात तर मिरच्या काढून पणत्या टाकल्या. धुळ्याच्या प्रदर्शनात एक जुनं गिऱ्हाईक पाकीट उलटंसुलटं करून विचारत होतं, "हाऊ मसाला तुमनाच शे का?" (हा मसाला तुमचाच आहे का?) पुण्याहून सगळं नव्यानं करून घ्यावं का? आणि जुनी तीन हजार पाकिटं पडून आहेत, त्यांचं काय करू?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : ताई, नव्यानं काही करू नका. तुम्ही पाठवलेली चारही पाकिटं मी टेबलावर शेजारी शेजारी मांडली. मिरच्या सुरेख आहेत, लांबूनही ओळखू येतात. प्रदर्शनातल्या त्या गिऱ्हाईक बाईनं विचारलं, म्हणजे तिच्या डोक्यात तुमचं चित्र पक्कं बसलेलं आहे. हातातलं पाकीट त्या चित्राशी जुळत नव्हतं, म्हणून ती अडली.

मी भुसावळला एकवीस वर्षं पाट्या रंगवल्या. एका अडत दुकानाची चार शटरं होती. दोन आज केली, दोन दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशीचा लाल अंदाजानं कालवला. मालकांनी मला भर उन्हात समोर उभं केलं आणि विचारलं, "ही दोन दुकानं आहेत का?" चारही शटरं पुन्हा रंगवावी लागली. तेव्हापासून रंग कालवला की पुठ्ठ्याचा तुकडा त्यात बुडवायचा, वाळला की मागे डब्यांचं प्रमाण लिहायचं आणि खिळ्याला टांगायचा, हा नेम ठेवला. अक्षरांसाठी खाका असे. जाड कागदावर नाव काढून रेषेवर सुईनं टोचे मारायचे, कागद भिंतीला धरून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. दहा भिंतींवर दहा पोरांनी रंगवलं तरी नाव एकच उतरायचं. तुमच्याकडे हा खाका आणि तो पुठ्ठा नाही. तेवढे दोन करून घ्या.

आजचा खाका म्हणजे लोगोची मूळ फाइल. पुतण्याच्या मित्राकडून सीडीआर फाइल (कोरलड्रॉ या प्रोग्रॅममधली) मागा आणि तिची पीडीएफही घ्या. तुमचे प्रिंटर व्हॉट्सॲपवर आलेला फोटो ओढून मोठा करतायत, म्हणून टेम्पोवर मिरच्यांच्या कडा फाटल्या आहेत. फाइल पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अक्षरं आधी कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून घ्या, नाहीतर ज्याच्याकडे तो फाँट (अक्षरांचा साचा) नाही त्याच्या कॉम्प्युटरवर नाव दुसऱ्याच अक्षरात उघडतं.

अक्षरांचं मला जास्त लागतं. तुमच्या नावात 'ल' आहे आणि 'श'ही. दोन पाकिटांवर ते मराठी वळणाचे आहेत, दोनांवर हिंदी वळणाचे. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' मराठीसाठी ठरवून दिले आहेत. फाँटमध्ये दोन्ही वळणं असली तरी भाषा मराठी निवडली नाही तर हिंदी वळण येऊ शकतं. गिऱ्हाइकाला हे बोट ठेवून दाखवता येणार नाही, पण नाव परकं वाटतं. लोगोतलं नाव एकदा मराठी वळणात पक्कं करा. बाकी मजकुराला एकच फाँट ठेवा. मुक्ता किंवा बालू घ्या, दोन्ही युनिकोड आहेत, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मजकूर तोच राहतो, आणि धंद्यासाठीही फुकट वापरता येतात.

आता रंग. स्क्रीन उजेडातून रंग दाखवते, छपाई शाईतून, त्यामुळे मोबाइलवर पाहून "असाच लाल द्या" म्हणण्याला अर्थ नाही. छपाईच्या चार शायांचे टक्के आकड्यांत द्या. तुमच्या मिरचीला मी सायन (निळसर) १५, मॅजेंटा (गडद गुलाबी) १००, पिवळा ९०, काळा १० सुचवीन. हा लाल पिकलेल्या मिरचीचा आहे, गुलाबीकडे जात नाही. तरी चकचकीत पाऊचवर आणि साध्या कागदावर तो थोडा वेगळा उतरेलच. म्हणून मनासारखं छापलेलं एक पाकीट कापून पुठ्ठ्यावर चिकटवा, मागे आकडे लिहा आणि प्रत्येक नवीन प्रिंटरच्या हातात तो पुठ्ठा द्या. नमुना उन्हात नेऊन ताडून पाहिल्याशिवाय होकार देऊ नका, ट्यूबलाइटखाली तर मुळीच नको.

पाटी विटली त्यात प्रिंटरची चूक कमी आहे. फ्लेक्सवर मॅजेंटा आणि पिवळा आधी उडतो, निळा-काळा मागे राहतो, आणि लाल तर त्या दोघांचाच बनतो. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो किती टिकणार? पाटी ऑइलपेंटनं रंगवून घ्या किंवा लाल ॲक्रिलिकची अक्षरं कापून लावा. पोत्यावरच्या ठशासाठी आणि बिलासाठी एकरंगी काळा लोगो वेगळा करून ठेवा. बिबड्यांच्या छोट्या पाकिटावर मिरच्यांचे देठ बुजले आहेत, तिथे लोगो मोठा करा आणि 'घरगुती चव' ही ओळ काढून टाका.

पणत्या पत्रकात कुठेही काढा, पण लोगोच्या गोलात नकोत. लोगो कधीच बदलू नये असं मी म्हणत नाही. आपल्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपापासून सुरू झालेली कंपनी म्हणजे आजची विप्रो. तिनं १९९८ साली रंगीत फुलाचा लोगो घेतला आणि २०१७ साली ठिपक्यांचा. मधली १९ वर्षं मात्र ते फूल फूलच राहिलं. ही शिस्त पाळायला नऊ जणींपैकी एकीला नेमा. फाइल आणि पुठ्ठा तिच्याकडे राहील, आणि तिच्या होकाराशिवाय काही छापायला जाणार नाही.

ट्रेडमार्कचंही मनावर घ्या, मसाले नोंदणीच्या वर्ग ३० मध्ये येतात. रंगाची मर्यादा न घालता नोंदणी केली तर ती सगळ्या रंगांना लागू होते. नोंदणी होईपर्यंत नावापुढे वर्तुळातला आर (नोंदणीची खूण) छापू नका, कायद्यानं त्याला मनाई आहे.

तीन हजार पाकिटं फेकू नका. त्यांत नऊ घरांचे पैसे आहेत. गोल स्टिकर नव्या लालात छापून गुलाबी लोगोवर नेमका बसवा आणि ती पाकिटं आठवडे बाजारात, तुम्हाला चेहऱ्यानं ओळखणाऱ्यांत संपवा. धुळ्याच्या पुढच्या प्रदर्शनाला फक्त नवी न्या. पहिलं नवं पाकीट आलं की एक मला पाठवा, सोबत तो पुठ्ठाही. मी दोन्ही अंगणात धरून बघीन आणि कळवीन.