वय दगडाचं की स्फटिकाचं?

गेल्या वेळी या सदरात लिहिलं होतं की सातारा-सांगलीचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांचा आहे आणि दक्षिणेकडे कर्नाटकातले धारवाडी खडक 250 कोटी वर्षांच्याही पलीकडचे आहेत. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा होती, हे आकडे काढतात कसे? त्यातली पाच पत्रं आज घेते.

मिरजेहून एक वाचक: गदगला वीरनारायणाचं दर्शन घेऊन आम्ही कप्पतगुड्डाच्या डोंगरावर गेलो. तिथला हिरवट दगड मूळचा लाव्हाच आहे असं समजलं. त्या हिरव्या दगडाचं वय युरेनियमवरून कसं काढतात?

बहुतेक वेळा त्या हिरव्या दगडाचं वय थेट काढतच नाहीत. हा मुद्दा नीट समजला तर बाकीचं सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तो दगड मुळात बेसाल्टच, आपल्या सह्याद्रीसारखा. पण तो बराचसा पाण्याखाली ओतला गेला, मग गाडला गेला, दाबला गेला, त्यातून गरम पाणी फिरलं. मूळची खनिजं जाऊन त्यांच्या जागी क्लोराइट, एपिडोट, ॲक्टिनोलाइट आली. ही तिन्ही हिरवी, म्हणून नाव ग्रीनस्टोन. ग्रॅनाइट आणि नीस (उष्णतेने, दाबाने रूप बदललेला पट्टेदार खडक) यांच्या विस्तीर्ण प्रदेशात अशा खडकांचे लांबट पट्टे अडकलेले दिसतात.

वय मोजायला लागतो तो जिरकॉन नावाचा स्फटिक. तो मिठाच्या कणाहूनही लहान असतो. वाढताना तो झिरकोनियमच्या जागी थोडं युरेनियम सामावून घेतो, पण शिशाला जवळपास थारा देत नाही. त्यामुळे आज त्यात जे शिसं सापडतं ते जवळजवळ सगळं युरेनियमच्या ऱ्हासातून तिथेच तयार झालेलं असतं. अडचण अशी की सिलिका कमी असलेल्या आणि झटपट थिजलेल्या बेसाल्टमध्ये जिरकॉन सहसा तयारच होत नाही.

मग शेजाऱ्याला विचारायचं. त्याच लाव्हाच्या थप्पीत मधेमधे रायोलाइट किंवा डेसाइट या जास्त सिलिकाच्या लाव्हाचे फिकट थर असतात आणि त्यांत जिरकॉन मिळतो. धारवाडी खडकांच्या चित्रदुर्ग गटातल्या अशा थराचं वय सुमारे 261 कोटी वर्षं आलं आहे. त्याला लागून वर-खाली असलेल्या हिरव्या लाव्हाचं वयही मग त्याच सुमारास धरता येतं. पट्ट्याला कापून वर आलेला ग्रॅनाइट मिळाला तर पट्टा त्याहून जुना हे नक्की होतं. पट्ट्यातल्या वाळूच्या खडकात जिरकॉन सापडले तर ती वाळू त्यातल्या सर्वांत तरुण कणाच्या जन्मानंतरच साचली असणार.

इथे एक धोका आहे. वर येणारा शिलारस वाटेतल्या जुन्या खडकातले जिरकॉन उचलून आणतो. जुन्या वाड्याची सागवानी तुळई नव्या घराला लावली म्हणून घर जुनं होत नाही, तसंच हे. म्हणून कण मोजण्याआधी इलेक्ट्रॉनच्या झोतात त्याचं चित्र घेतात. आत जुना गाभा असेल तर भोवतीच्या वलयांपेक्षा तो वेगळा उठून दिसतो. यंत्र जे वय देतं ते स्फटिकाचं. ते दगडाचं म्हणता येईल की नाही, हे रानात उन्हातान्हात फिरून थरांचा नकाशा काढणाराच सांगू शकतो. नमुना नेमका कुठून उचलला हे सांगता येत नसेल, तर कितीही अचूक आकडा माझ्या लेखी निरुपयोगी आहे.

कराडचे एक शिक्षक: मधल्या काळात शिसं स्फटिकातून निसटलं तर वय चुकणार नाही का?

चुकेल. पण ते चुकलंय हे कळतं, आणि या पद्धतीवर माझा एवढा विश्वास आहे तो यामुळेच. निसर्गाने इथे एकाच स्फटिकात दोन घड्याळं ठेवली आहेत. युरेनियम-238 चं शिसं-206 होतं, अर्धायुष्य (म्हणजे निम्मे अणू सरायला लागणारा काळ) सुमारे 447 कोटी वर्षं. युरेनियम-235 चं शिसं-207 होतं, अर्धायुष्य सुमारे 70 कोटी. 270 कोटी वर्षांच्या जिरकॉनमध्ये पहिल्या प्रकारच्या शंभर अणूंपैकी साधारण 66 अजून शिल्लक असतात, दुसऱ्या प्रकारचे मात्र फक्त 7.

दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत असतील तर वय धरायचं. शिसं निसटलं असेल तर दोघांची उत्तरं जुळत नाहीत. 1956 मध्ये वेदरिल या शास्त्रज्ञांनी ही जुळणी एका वक्ररेषेवर मांडली, तिला कॉन्कॉर्डिया म्हणतात. एकाच खडकातले न जुळणारे कण आलेखावर बहुधा एका सरळ रेषेत पडतात. ती रेषा वक्राला वरच्या टोकाला जिथे छेदते, तिथे मूळ वय वाचता येतं. 2005 मध्ये मॅटिन्सन यांनी याही पुढची वाट दाखवली: जिरकॉन आधी तापवायचा, मग आम्लात त्याचा खराब झालेला, शिसं गमावलेला भाग विरघळवून टाकायचा आणि उरलेला धड भागच मोजायचा. तुमच्या विद्यार्थ्यांना ही दोन घड्याळं फळ्यावर जरूर करून दाखवा, आठवी-नववीच्या मुलांना समजतात.

विट्याहून एक गलाई व्यावसायिक: आमच्या धंद्यात चांदी शुद्ध करायला शिसं वापरतात, ते सगळीकडे पसरतं. प्रयोगशाळेत बाहेरचं शिसं नमुन्यात मिसळत नाही का?

हा प्रश्न तुमच्याइतक्या अधिकाराने फारच थोडे विचारू शकतील. वीस-पंचवीस किलो दगड दळून, धुऊन, चुंबक आणि जड द्रव वापरून शेवटी चिमूटभर जिरकॉन हाती येतात. हे झारेकऱ्याचंच काम. विद्यार्थीदशेत सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक कण वेचताना मी दिवसच्या दिवस काढले आहेत. पण त्या एका कणातलं शिसं इतकं अल्प असतं की हवेतली धूळसुद्धा निकाल बिघडवू शकते.

क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय 455 कोटी वर्षं काढलं, 1956 मध्ये. त्याआधीची कित्येक वर्षं त्यांनी प्रयोगशाळेतलं शिसं घालवण्यात खर्ची घातली, आणि पुढे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध तेच उभे राहिले. कॅनडाचे टॉम क्रोग यांनी 1973 मध्ये टेफ्लॉनच्या बंद कुपीत, हायड्रोफ्लोरिक आम्लात जिरकॉन विरघळवण्याची रीत काढली. त्यामुळे बाहेरून येणारं शिसं कितीतरी पटींनी घटलं आणि कॅनडातल्या ग्रीनस्टोन पट्ट्यांची नेमकी वयं मिळू लागली. आता उत्तम प्रयोगशाळांत हे परकं शिसं एका पिकोग्रॅमपर्यंत, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंत खाली आणतात. शिवाय नमुन्यात मुद्दाम मोजून टाकलेलं शिसं-205 असतं. ते निसर्गात सापडत नाही, त्यामुळे त्याच्याशी ताडून बाकीच्या शिशाचं प्रमाण ठरवता येतं.

साताऱ्याहून एक वाचक: अजिंक्यताऱ्याच्या खडकाचं कार्बन डेटिंग झालं आहे का?

होऊच शकत नाही. ती पद्धत लाकूड, हाडं, कोळसा यांच्यासाठी, तीही साधारण 50,000 वर्षांपर्यंतच. आपल्या बेसाल्टसाठी आर्गॉनची पद्धत वापरतात, म्हणजे दगडातल्या पोटॅशियमच्या ऱ्हासातून साचलेला आर्गॉन वायू मोजतात. पश्चिम घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या थरांच्या मधे विटकरी पट्टा दिसतो, त्यातल्या काही पट्ट्यांत ज्वालामुखीच्या राखेतून आलेले जिरकॉन मिळाले आहेत. 6.6 कोटी हा आकडा त्यांच्यावरूनही पक्का झाला.

पाटणहून एक वाचक: कोयनेच्या बोअरमध्ये खाली ग्रॅनाइट लागला म्हणे. मग आमच्या पायाखालीही धारवाडचेच खडक आहेत का?

त्याच कुळातले. कोयना भागात पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने खोल विंधनविवरं घेतली, त्यातलं एक तीन किलोमीटरपर्यंत गेलं. या कामाची प्रयोगशाळा कराडलाच आहे. साधारण एक किलोमीटरच्या आसपास काळ्या पाषाणाचे थर संपतात आणि ग्रॅनाइट-नीस सुरू होतो. त्यातल्या जिरकॉनचं वय सुमारे 270 कोटी वर्षं आलं आहे. दोन्ही खडक एकमेकांना टेकलेले, आणि मधल्या सुमारे 260 कोटी वर्षांचा एकही थर तिथे उरलेला नाही. कोयनेचे भूकंप वरच्या काळ्या दगडात नव्हे, मुख्यतः या खालच्या जुन्या खडकात होतात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे हलला तो हाच खडक.