एक ना धड, भाराभर चिंध्या?

"मॅडम, हिला डिझाइन शिकायचंय, स्वतःचा ब्रँड काढायचाय आणि फिल्मपण करायचीय. एक ना धड, भाराभर चिंध्या! एक काय ते ठरवायला सांगा." वडील इचलकरंजीचे, यंत्रमागवाले. मुलगी बारावी सायन्सला.

मी मुलांना करिअरचा सल्ला देते, ही तक्रार हल्ली वरचेवर येते. आवडीबद्दल कुणीही बोलतं, म्हणून मी काम बघायला मागितलं. तिनं मोबाइलवर एक छोटी फिल्म लावली. तुटलेल्या धाग्याला गाठ मारणारी बोटं, मागाचा खडखडाट, आणि लाइट गेल्यावर एकदम शांतता. फिजिक्सच्या वहीत मागे प्रत्येक शॉट आधी चितारलेला होता. कटपीसच्या पिशव्यांची डिझाइनं त्याच पानांवर. तिच्या लेखी ही दोन कामं वेगळी नव्हतीच.

"पिशवी कितीला विकतेस?"

"अडीचशे."

"सुटतात किती?"

"अडीचशेच. कापड पप्पांचं."

वडील पहिल्यांदा हसले. "कापड फुकट येतं होय गं?" माझंच पॅड ओढून त्यांनी कापड, शिलाई, बंद, कुरिअर मांडलं. साठ रुपये उरले, त्यातही तिची मेहनत धरलेली नव्हती. कच्चा दुवा फिल्म नव्हती, हिशोब होता. आणि तो शिकवणारा माणूस घरातच होता.

मी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं नाव काढलं. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या या माणसानं कॅमेरा स्वतः घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, सिनेमाची पोस्टरंही रंगवली. "ते पूर्वीचं हो," वडील म्हणाले. खरंच आहे, उदाहरणानं फी भरली जात नाही.

मग मुद्द्याचं बोललो. आधी डिझाइनची पदवी. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची प्रवेश परीक्षा आणि आयआयटी मुंबईच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड ही परीक्षा. दोन्हीला बारावीची कुठलीही शाखा चालते. एनआयडीत डिझाइनच्याच पदवीत फिल्म हा विषय घेता येतो. नाहीच जमलं तर राज्याची सीईटी देऊन उपयोजित कला, म्हणजे कमर्शियल आर्ट. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटला दिग्दर्शनासाठी पदवी लागते, त्यामुळे तो निर्णय आज घ्यायची गरजच नाही.

वडिलांनी अट घातली, परीक्षेपर्यंत पिशव्या बंद. मला पटलं नाही. थोड्या तरी विकू द्या, फक्त हिशोबाची वही तुम्ही तपासा, म्हटलं. ते "बघू" म्हणाले. मुलीनं मात्र लगेच विचारलं, "पप्पा, मीटरचा भाव काय लावणार?"